ढगावरचा धनुर्धर

इ. स. १७८८ च्या डिसेंबर महिन्यात लंडनच्या रॉयल अकॅडमीचे अध्यक्ष सर जोशुआ रेनॉल्ड्स हे विद्यार्थ्यांपुढे आपले चौदावे व्याख्यान देण्यास उभे राहिले, तेव्हा निमित्त होते चार महिन्यांपूर्वी निवर्तलेल्या टॉमस गेन्सबरो या चित्रकाराच्या गौरवाचे. परंतु एका मृताची स्तुती करता करता दुसऱ्या मृताची हजेरी घेण्याचा मोह थोरामोठ्यांनाही आवरत नाही, आणि सहा वर्षांपूर्वी वेल्समधील एका खेड्यात शांतपणे देह ठेवलेल्या रिचर्ड विल्सन या निसर्गचित्रकारावर त्यांनी त्या भर सभेत एक फिर्याद गुदरली. फिर्यादीचा मजकूर थोडक्यात असा : विल्सनची दृश्ये नित्याच्या सृष्टीच्या इतकी निकट असतात की त्यांत देवदेवतांना जागा नाही, तरीही त्याने त्यांना तेथे आणून बसविले, त्याच्या एका चित्रात वादळ अत्यंत सरस उतरले आहे, आणि पुढच्या भागात पडलेली माणसे पाहून कोणीही प्रेक्षक सहजच म्हणेल की ही वीज पडून मेली, परंतु चित्रकाराने अविवेकाने त्या मृत्यूंचे खापर आभाळातल्या एका चिमुकल्या अपोलोच्या माथी फोडले, शिवाय हा अपोलो ज्या ढगावर गुडघा टेकून धनुष्य ओढतो आहे, तो ढग त्याचा भार पेलण्यास समर्थ दिसत नाही.

आरोपी कैफियत देण्यास हजर नव्हता. अध्यक्षांचा शब्द, त्यांचा हुद्दा आणि त्यांचे सुंदर गद्य या तिन्हींच्या बळावर हा निवाडा कलेतिहासाच्या दप्तरात दाखल झाला, आणि पुढे विल्सनची वकिली करणाऱ्यांनीही बहुधा एवढेच म्हटले की, बाबांनो, त्या आकृतींकडे दुर्लक्ष करा आणि झाडे, पाणी, प्रकाश तेवढा पाहा. मला ही वकिली फिर्यादीपेक्षाही अधिक अन्यायाची वाटते. अपोलोला ढगावरून खाली उतरविले, तर त्या चित्रातले वादळ वादळच राहील यात शंका नाही. पण खडक मात्र नुसते खडक होऊन बसतील, आणि चित्राचा सारा अर्थ त्या खडकांत आहे, असे माझे मत आहे. तेच येथे थोड्या विस्ताराने मांडावयाचे आहे.

चित्राचे नाव ‘नायोबीच्या अपत्यांचा संहार’. ही कथा आपल्याकडे फारशी परिचित नाही, म्हणून सांगतो. थीब्ज नगरीची राणी नायोबी ही टँटलसची कन्या आणि अँफिअन राजाची पत्नी. तिला सात पुत्र आणि सात कन्या. होमर मात्र सहा आणि सहा सांगतो. नगरातील स्त्रिया लेटो देवीपुढे धूप जाळीत असता ही राणी तेथे आली आणि म्हणाली की जिला अवघी दोन मुले, तिची पूजा कशाला करता, मी चौदांची आई तुमच्यासमोर उभी आहे. लेटोची ती दोन मुले म्हणजे अपोलो आणि आर्टेमिस, दोघेही धनुर्धर. पुढचे सांगावयास नको. रोमन कवी ऑव्हिडने आपल्या ‘मेटॅमॉर्फोसेस’च्या सहाव्या सर्गात ते सांगितले आहे ते इतक्या निर्दय बारकाईने की वाचणाऱ्याने मध्येच पुस्तक मिटावे. सातवा पुत्र हात पसरून प्रार्थना करतो, अपोलोचे मन द्रवतेही. पण बाण तोवर सुटलेला असतो. राजा स्वतःचा प्राण घेतो. मुलींमधली अखेरची आईच्या वस्त्राआड लपते, आणि ही एक तरी, सर्वांत धाकटी तरी मला ठेवा, अशी याचना आई करीत असतानाच तीही जाते. मग नायोबी हळूहळू दगड होते, आणि त्या दगडातून पाणी झरत राहते. आपल्या अहल्येचे पाषाणपण एका पदस्पर्शाने सरते. नायोबीच्या नशिबी असा कोणी पथिक नाही.

विल्सनचा जन्म वेल्समधील पेनेगोस गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १७२९ मध्ये तो लंडनला व्यक्तिचित्रणाचा धंदा शिकावयास आला, आणि लोकांचे चेहरे रंगवूनच त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली. १७५० मध्ये तो इटलीस गेला. व्हेनिसमध्ये त्झुकरेली या निसर्गचित्रकाराची वाट पाहत बसला असता वेळ घालविण्यासाठी त्याने खिडकीतून दिसणारे दृश्य कागदावर उतरविले, आणि ते पाहून त्झुकरेलीने त्यास चेहरे सोडून देण्याचा सल्ला दिला, अशी कथा आहे. रोममध्ये फ्रेंच चित्रकार व्हेर्ने याने त्याच्याशी चित्रांची अदलाबदल केली. तेर्नीचा धबधबा प्रथम पाहताच विल्सनने देवाची शपथ घेऊन पाण्याला मोठ्याने शाबासकी दिली, अशीही एक आख्यायिका आहे; ती खरी असो वा नसो, ज्याच्याविषयी ती रचावीशी वाटली तो मनुष्य कसा असेल हे तीवरून कळते. ज्याला पाणी एवढे पुरेसे होते, त्याने चित्रात अपोलो कशाला आणावा?

याचे एक उत्तर व्यवहाराचे आहे, आणि ते कलेतिहासकार नेहमी देतात. युरोपातील कलासंस्थांनी चित्रप्रकारांची एक जमाबंदीच करून ठेवली होती. १६६७ मध्ये फ्रेंच लेखक फेलिबियाँ याने ती लेखी मांडली : इतिहास, धर्म आणि पुराण यांवरील चित्र सर्वांत वर, त्याखाली व्यक्तिचित्र, आणि निसर्गचित्र व फळाफुलांचे चित्र पार तळाशी. नुसती टेकडी रंगविणारा हा कारागीर; त्या टेकडीवर एखादी देवता उभी करणारा हा कवी. म्हणून ज्या चित्रकाराचे चित्त झाडापाण्यात रमलेले असे, तो कोपऱ्यात दोन-तीन पौराणिक आकृती ठेवून वरच्या वर्गात बसण्याचा परवाना मिळवी. सतराव्या शतकात क्लोद लोरँने तो मिळविला, आणि त्याच्या दृश्यांत आकृती इतक्या लहान असतात की कथा कोणती हे शीर्षक वाचल्यावरच उमगते. फ्रान्समध्ये तर हा प्रकार पुढे इतका सरकारमान्य झाला की १८१७ मध्ये ‘ऐतिहासिक निसर्गचित्रा’साठी रोमच्या शिष्यवृत्तीचे स्वतंत्र पारितोषिकच सुरू करण्यात आले.

विल्सनला हा परवाना लाभदायक ठरला, हेही खरे. १७६० च्या एप्रिलमध्ये लंडनच्या स्ट्रँड भागात इंग्लंडमधील समकालीन चित्रकारांचे पहिले सार्वजनिक प्रदर्शन भरले. सुमारे १३० कलाकृतींच्या त्या गर्दीत ‘नायोबी’ने लोकांचे लक्ष वेधून घेतले आणि ते चित्र राजपुत्र ड्यूक ऑफ कंबरलंड याच्या संग्रही गेले. दुसऱ्या वर्षी विल्यम वूलेट याने त्यावरून ताम्रपटावर मुद्राचित्र कोरले व जॉन बॉयडेल याने ते प्रसिद्ध केले. तोवर इंग्लंड फ्रान्सकडून मुद्राचित्रे विकत घेत असे. या एका चित्राने व्यापाराची दिशा बदलण्यास आरंभ केला. बॉयडेलचे नशीब उघडले, वूलेटची कीर्ती झाली. ज्याच्या कुंचल्यातून हे सारे निघाले त्याला मात्र १७७६ मध्ये ज्या अकॅडमीच्या स्थापनेत स्वतःचा हात होता तिच्याच ग्रंथपालाची जागा अल्प तनख्यावर पत्करावी लागली. मुद्रकाने गाडीत बसावे आणि चित्रकाराने पायी चालावे हा रिवाज कोणत्या देशात नाही?

परंतु परवान्याच्या या उपपत्तीने ‘नायोबी’चा उलगडा होत नाही. नुसता परवानाच हवा असता तर डोंगरउतारावर दोन गवळणी आणि एक बासरीवाला ठेवून भागले असते, आणि विल्सनने अशी चित्रे पुष्कळ काढलीही आहेत. येथे त्याने काय केले ते पाहावे. मी हे लिहितो आहे ते अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात असलेल्या चित्राची प्रतिकृती समोर ठेवून. मूळ चित्र सुमारे दीड मीटर उंच आणि पावणेदोन मीटरांहून अधिक रुंद आहे. आभाळ फाटलेले, वीज चमकते आहे, वाऱ्याने झाड वाकले आहे, कड्यांच्या मधून पाणी धावत सुटले आहे, आणि या सगळ्याच्या तळाशी, एकूण क्षेत्रफळाच्या मानाने अगदी लहान, अशी ती माणसे : कोणी पडलेली, कोणी पळणारी, आणि हात उभारलेली आई. ऑव्हिडने पुत्रांचा वध कोठे घडविला आहे? नगराच्या तटाजवळच्या एका सपाट, विस्तीर्ण मैदानात, जेथे ते घोडे फिरवीत होते. विल्सनला ऑव्हिड ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? त्याच्या पिढीचा, त्यातून धर्मोपदेशकाचा मुलगा, लॅटिन शिकलाच असणार. तरीही त्याने मैदान टाकले आणि ती सारी मंडळी कडेकपारीत आणून सोडली. कवीच्या शब्दाविरुद्ध जाऊन एवढी स्थलांतराची यातायात चित्रकार उगाच करीत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे कारण हे की या आईचे पुढे काय होणार, ते विल्सनला ठाऊक होते. कथेच्या शेवटी ती दगड होणार आहे आणि तिच्यातून पाणी झरणार आहे. चित्रात तो दगड आणि ते पाणी आधीच येऊन उभे आहेत. ती अजून हात वर करून मुलांना आड करीत आहे, बाण अजून सुटत आहेत, आणि तिच्या भोवती, मागे, वर, तिचे भविष्य कड्यांच्या रूपाने तिला घेरून राहिले आहे. काव्यात एकामागून एक घडणाऱ्या गोष्टी चित्राला एकाच क्षणात सांगाव्या लागतात; पण तो एक क्षण देहांच्या हालचालीतच शोधला पाहिजे असा कोणाचा हुकूम आहे? विल्सनने कथेचा आरंभ ढगावर ठेवला, मध्य माणसांत ठेवला आणि शेवट खडकांत ठेवला. ‘हे दृश्य देवांच्या स्वागतास सिद्ध नव्हते’ असे रेनॉल्ड्स म्हणतात. मला तर वाटते की या कथेसाठी याहून अधिक सिद्ध दृश्य मिळणे कठीण.

आता विजेचा मुद्दा. हा रेनॉल्ड्सच्या फिर्यादीतील सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि मौज अशी की तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. ही माणसे वीज पडून मेली असेच कोणालाही वाटेल, असे ते म्हणतात. अगदी बरोबर, तसे वाटलेच पाहिजे. पाहणारा प्रथम वादळ पाहतो, मग वीज, मग प्रेते, आणि मग, उशिरा, ढगातला तो धनुर्धर त्याच्या दृष्टीस पडतो. अपोलो चिमुकला आहे तो एवढ्याचसाठी. अपोलोचे बाण ही ग्रीकांची जुनी भाषाच होती : ‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात हा देव बाण सोडू लागतो आणि सैन्यात साथ पसरते. जे मरण अकस्मात येते, निरोगी माणसाला उभ्या जागी पाडते, एका घरातली सगळी मुले चार दिवसांत नेते, त्याला बाणाखेरीज दुसरे काय म्हणावे? मराठी वाचकाला तर हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या रोगाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घराघरांतली मुले नेली, त्याला आपण दुसरे काही न म्हणता ‘देवी’ म्हणालो. अंगावर फोड उठले की ‘देवी आल्या’ असे म्हणून माणसे हात जोडीत, आणि पुढे सरकारने लस टोचण्यास जो मनुष्य धाडला त्यालाही लोकांनी ‘देवीचा डॉक्टर’ हेच नाव दिले. यात अज्ञान होते, हे मी नाकारीत नाही. पण ज्या आईचे मूल गेले तिला कारण हवे असते, आणि ज्याला चेहरा नाही अशा कारणावर रागावता येत नाही, त्याच्यापुढे पदर पसरता येत नाही, हेही मला नाकारता येत नाही. विल्सनने वीजही ठेवली आणि चेहराही ठेवला, आणि दोहोंत निवाडा केला नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर, विजेचे स्वरूप शास्त्रज्ञांना कळू लागले होते अशा काळी, हे शहाणपण सामान्य नव्हे.

ढगाविषयी मात्र मी माघार घेतो. तो ढग खरोखरच अशक्त आहे. ज्याने वादळाचे बाकीचे सारे आभाळ इतक्या जाणतेपणाने रंगविले त्याने देवाच्या बैठकीसाठी जणू कापसाची गादी अंथरावी, ही चूक आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. तथापि ज्या अध्यक्षांना एका देवाचा भार ढगाने कसा पेलावा अशी चिंता पडली, त्यांनीच हे व्याख्यान देण्यापूर्वी चार वर्षे, १७८४ मध्ये, सेरा सिडन्स या नटीला शोकदेवता कल्पून ढगांच्या मधोमध सिंहासनावर बसविले होते, सिंहासन पादपीठासह, आणि त्या ढगांच्या मजबुतीचा दाखला कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही. सरदारघराण्यांतील स्त्रियांना ग्रीक देवतांच्या वेषात रंगविण्यात तर त्यांचा हातखंडा होता. नटी देवता होऊ शकते, सरदारकन्या होऊ शकते. वेल्सच्या खडकांसारखे दिसणारे खडक तेवढे देवकथेला अपात्र! मला वाटते, खरा आक्षेप ढगाला नव्हताच. माणसाचा देह हा सर्व थोर कलेचा विषय, अशी अकॅडमीच्या पंथाची श्रद्धा. आणि विल्सनने देहांना लहान करून डोंगराला बोलते केले, हा त्या श्रद्धेचा भंग होता.

हाच वाद आपल्या अंगणातही घडून गेला आहे. रविवर्म्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुराणांतील स्त्रीपुरुषांना ओळखीच्या नदीकाठी, ओळखीच्या झाडाखाली उभे केले. त्या चित्रांमागची कितीतरी निसर्गदृश्ये त्याचा धाकटा भाऊ राजराजवर्मा याच्या हातची होती, आणि हा भाऊ स्वतः उत्तम निसर्गचित्रकार होता, याची आठवण फार थोडे ठेवतात. मुंबईत गिरगावी आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस असलेल्या छापखान्यातून त्यांच्या प्रती घराघरांत गेल्या. नंतरच्या विद्वानांनी जवळपास रेनॉल्ड्सचीच फिर्याद पुन्हा दाखल केली : देव फार माणसाळले, सृष्टी फार नित्याची झाली. परंतु ज्या घरांत ‘जटायुवध’ भिंतीवर होता, तेथे आभाळात तलवार उगारलेल्या रावणाच्या पायाखाली काय आहे, असे कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. सीतेने न्हाल्याचे कुंड, भीमाच्या लाथेने झालेला डोह आणि मारुतीच्या जन्माचा डोंगर ज्यांच्या गावाच्या शिवेत आहे, त्यांना देव नित्याच्या सृष्टीत उतरतो याचे नवल वाटत नाही. तो अन्यत्र कोठे उतरतो, याचेच त्यांना नवल वाटेल.

विल्सनचा एक धागा तर थेट मराठ्यांच्या इतिहासापर्यंत येऊन पोहोचतो. ‘नायोबी’ तयार होत होते त्या सुमारास, १७५८ पासून, त्याच्या चित्रशाळेत विल्यम हॉजेस नावाचा एक पोरगा उमेदवारी करीत होता. हा पुढे कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर चित्रकार म्हणून गेला, आणि १७८० मध्ये हिंदुस्थानात उतरून वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयाने गंगाकाठ हिंडला. १७८३ मध्ये तो ग्वाल्हेरीस गेला. तीन वर्षांपूर्वी, १७८० च्या ऑगस्टमध्ये, पॉपम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या फौजेने रात्री दोर लावून तो गड मराठ्यांच्या हातून घेतला होता, आणि हॉजेसच्या भेटीच्या वर्षीच महादजी शिंद्यांनी त्यास वेढा घालून तो परत मिळविला. हॉजेसने त्या कड्याची चित्रे काढली व आपल्या हिंदुस्थानच्या दृश्यसंग्रहात छापली. गुरूची सावली त्यांत स्पष्ट आहे : तोच प्रचंड खडक, तीच खाली हरवलेली माणसे. ढगावर मात्र कोणी नाही. देव गेला आणि त्याच्या जागी किल्ला आला. चित्र उत्तम आहे, पण तो खडक आता कोणाचा आहे एवढाच प्रश्न विचारतो, तो कोण आहे हा प्रश्न विचारीत नाही. यानंतरच्या शतकात युरोपच्या निसर्गचित्राने देवांना रजा दिली आणि आपले स्वातंत्र्य मिळविले. ते मिळाले म्हणून मी दुःखी नाही. तथापि जुन्या चित्रांतील देवांना आज मागाहून रजा देण्याचा जो प्रघात संग्रहालयांच्या पाट्यांवर आणि कलेच्या पुस्तकांत दिसतो, ‘कथा हे केवळ निमित्त’ असे एका ओळीत सांगून प्रेक्षकाला पुढच्या दालनात ढकलण्याचा, तो मला मान्य नाही. पाटीवर चार ओळी अधिक लिहाव्या, कथा पुरती सांगावी, आणि मग खडकांकडे बघण्यास सांगावे.

दुसऱ्या शतकात पॉसेनिअस नावाचा एक ग्रीक प्रवासी नायोबीला पाहण्यासाठी मुद्दाम सिपिलस पर्वत चढून गेला होता. हा पर्वत आज तुर्कस्तानात मनिसा शहराशेजारी आहे, आणि तेथील लोक त्या कड्याला रडता खडक असेच म्हणतात. पॉसेनिअसने आपल्या प्रवासवर्णनात नोंद केली आहे की अगदी जवळ गेले असता तेथे फक्त दगड आणि कडा आहे, बाई नाही की शोक नाही. पण थोडे दूर जाऊन पाहिले तर मान खाली घालून रडत असलेली स्त्री दिसते.